रान वाढलं, वावर मोडला

प्रश्न असा आला आहे : "मी भूगोलात एम. ए. करते आहे. भीमाशंकर अभयारण्यातल्या काही गावांचे तीस वर्षांपूर्वीचे आणि आताचे उपग्रह नकाशे एकमेकांवर ठेवले, तर बऱ्याच उतारांवर झाडोरा वाढलेला दिसतो. पण गावात विचारलं की बहुतेक जण सांगतात, 'रान राहिलं नाही.' लोकांची आठवण चुकते आहे, की माझा नकाशा? आणि प्रबंधात हे मांडायचं कसं?"

नकाशाही बरोबर असेल आणि माणसंही. निम्मा घोळ शब्दाचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव, खेड, जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात 'रान' म्हणजे जंगल आणि 'रान' म्हणजे शेतही. "म्हातारा रानात गेलाय" म्हटलं तर तो बहुतेक वेळा बांधावर असतो. "रान राहिलं नाही" असं तुम्हाला सांगणारी बाई झाडांबद्दल बोलत होती, की उतारावरच्या नाचणी-वरईच्या तुकड्याबद्दल, हे तुम्ही तिला विचारलंत का? वन खात्याच्या हद्दीतल्या जागेला लोक 'फॉरेस्ट' म्हणतात, मग तिथं झाड असो वा नसो. देवाच्या नावानं राखलेली ती देवराई. गुरांचं ते गायरान, कुरण, नाहीतर नुसता माळ. डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीला सातबाऱ्यावर आणि बोलण्यातही 'वरकस' म्हणतात. तुमच्या प्रश्नावलीत या सगळ्यांसाठी 'वनक्षेत्र' हा एकच शब्द असणार. मग उत्तरं पाच वेगवेगळ्या जागांची येतात आणि तुम्ही ती एका रकान्यात भरता.

आणखी एक शब्द ध्यानात ठेवा, तो म्हणजे 'वावर'. वावर म्हणजे शेत, आणि वावर म्हणजे माणसाचं येणंजाणं. मराठीनं या दोन गोष्टी एकाच शब्दात बांधल्या आहेत, आणि गेली सव्वीस वर्षं या डोंगरांत गावांबरोबर नकाशे करताना मला पटत गेलं की इथला माणूस डोंगरातला बदल याच मापानं मोजतो. किती हिरवं आहे हे त्याच्या लेखी पुढचं. कुठपर्यंत आपला वावर आहे, कुठल्या जागेला नाव आहे, कुठून काय घरी येतं, हे आधी.

एक प्रसंग सांगतो. घोड नदीच्या खोऱ्यात वरच्या अंगाला एक वाडी आहे. माघातले दिवस. सत्तरी ओलांडलेल्या एक आजी, त्यांचा विशीतला नातू आणि मी एका उतारावर चढत होतो. माझ्या हातातल्या नकाशावर तो उतार 'मध्यम दाट वन' होता. कारवी डोक्याच्या वर गेलेली, मधूनमधून ऐन आणि हिरडा. आजी एका जागी थांबल्या. पायानं पातेरा बाजूला सारला, टाच दोनदा आपटली आणि म्हणाल्या, "हे आमचं खळं." खाली वाकून पाहिलं तर उतार तेवढ्यापुरता सपाट झालेला होता, कडेला दगडांची अर्धवर्तुळाकार रांग, आणि मधोमध मेढीचा, म्हणजे मळणीच्या खांबाचा, खळगा, मातीनं जवळजवळ बुजलेला. त्यांनी त्यात बोट घालून खोली दाखवली. तिथून पुढच्या अर्ध्या किलोमीटरात त्यांनी मला चौदा नावं सांगितली. कुठं उंबराची पट्टी, कुठं सासूची ताल म्हणजे बांध, कुठं बैल पडला ती घळ. मला एकाही जागी फरक दिसत नव्हता, सगळीकडे कारवीच. त्यांना मात्र पायाखाली बांध लागत होता. "इथं वरई पिकायची. आता डुकरं पिकत्यात," त्या म्हणाल्या.

नातवाला त्या चौदांतली दोन नावं ठाऊक होती. पण त्याला हा उतार आवडत होता आणि तो ते मनापासून सांगत होता. पावसाळ्यात धुकं उतरलं की पुण्याची माणसं इथं फोटो काढायला येतात, त्याच्या मित्रानं खाली चहाची टपरी टाकली आहे, आणि शाळेत असताना कधी न दिसलेला शेकरू आता घरामागच्या आंब्यावर येतो. एकच उतार, एकच दिवस, एकाच घरातली दोन माणसं. यातलं खरं कुणाचं, असा प्रश्न मला तेव्हाही पडला नाही.

आता तुमच्या नकाशाकडे. भारतीय वन सर्वेक्षण १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी अहवाल काढतं. त्यात एक हेक्टर किंवा जास्त जागेवर १० टक्क्यांहून अधिक झाडांचं छत्र असलं की ते वनाच्छादन धरलं जातं. जमीन कुणाची, झाड कुठल्या जातीचं, हे त्यात पाहत नाहीत. ४० ते ७० टक्के छत्र असलं की मध्यम दाट, ७० च्या वर अतिदाट. ही व्याख्या देशाचा हिशेब ठेवायला ठीक आहे. पण त्यात गिरिपुष्पाची लागवड, कलमी आंब्याची बाग आणि शंभर वर्षांची देवराई या तिघांना एकच रंग मिळू शकतो. शिवाय तुमची प्रतिमा कुठल्या महिन्यातली आहे? ऑक्टोबरातला माळ आणि मार्चमधला माळ यांचं तोंड एकमेकांशी जुळत नाही. माथ्यावरचं सदाहरित रान बारा महिने हिरवं, उतारावरचा ऐन-सादडा उन्हाळ्यात निष्पर्ण. दोन वर्षांच्या प्रतिमा वेगवेगळ्या महिन्यांतल्या असतील तर अर्धी 'वाढ' तिथंच गळून पडेल. हे आधी तपासा.

समजा, तपासून झालं आणि झाडोरा खरंच वाढलेला निघाला. बऱ्याच उतारांवर तो निघेल. कारण साधं आहे. वरकसावर फिरती शेती होती : पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई, मग खुरासणी, की जमीन काही वर्षं पडीक सोडायची आणि दुसरा तुकडा धरायचा. भाताच्या रोपासाठी दाढ, म्हणजे रोपं टाकायची जागा, भाजायची : ऐन, जांभूळ, हिरड्याच्या फांद्या तोडून वाळवायच्या, त्यावर पातेरा, गवत, शेण, वर मातीचा पातळ थर, आणि उन्हाळ्याच्या शेवटी राब पेटवायचा. दरवर्षी छाटल्या जाणाऱ्या झाडाला खोड असतं, पण माथा नसतो. राब कमी झाला आणि त्याच झाडांना माथा आला. उपग्रहाला तो दिसतो. म्हणजे तुम्ही 'नवं जंगल' म्हणता त्यातला मोठा भाग जुनीच झाडं आहेत, हात थांबल्यावर मोकळी झालेली.

हात का थांबला, याचं गावातलं पहिलं उत्तर "फॉरेस्टनं बंद केलं" हे असतं. ते खोटं नाही. १९८५ साली भीमाशंकर अभयारण्य जाहीर झालं, पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत मिळून सुमारे १३१ चौरस किलोमीटर. पुढं १४ फेब्रुवारी २००० रोजी सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय उद्यानं आणि अभयारण्यांतून वाळकी झाडं, गवत वगैरे काढण्यालाही मनाई केली, आणि जे आतापर्यंत डोळ्याआड होत होतं तेही अडू लागलं. पण दुसऱ्यांदा जा, रात्री मुक्काम करा, मग बाकीची कारणं निघतात. रानडुकरं पीक ठेवत नाहीत. रेशनचा तांदूळ-गहू घरात आला, तेव्हा वरईसाठी अख्खा पावसाळा उतारावर काढायला नवी सून तयार नाही. तरणी माणसं नारायणगावच्या बाजूला बागायतीत मजुरीला जातात, नाहीतर चाकणला कंपनीत. बैल विकले. अभयारण्य झालं नसतं तरी यातलं बरंच झालं असतं, असं मला वाटतं, आणि काही म्हातारी माणसंही हेच सांगतात, पण ती चारचौघांत नाही सांगत.

त्यात पुन्हा एक आठवण खोल आहे. सह्याद्रीत अनेक ठिकाणी ठेकेदारांनी कोळशाच्या भट्ट्या लावून मालकी रानं साफ केली होती. ज्यांचं बालपण त्या भट्ट्यांच्या धुरात गेलं, त्यांना आजचं रान भरल्यासारखं वाटतं. ज्यांचं त्याआधी गेलं, त्यांना ते पोकळच वाटतं. म्हणून वय लिहून घ्या आणि "पूर्वी" म्हणजे केव्हा हे प्रत्येकाला विचारा. साल सांगता येत नसेल तर "थोरल्याच्या लग्नाआधी की नंतर", "डिंभ्याचं पाणी आलं त्याआधी की नंतर" असं विचारा. डिंभे धरण हा या खोऱ्याचा मोठा टप्पा आहे. ज्या आंबेगावाचं नाव तालुक्याला आहे ते जुनं गावच त्या पाण्याखाली गेलं. खाचरं बुडाली, माणसं वर सरकली, आणि वरच्या उतारांवर भार पडला. अभयारण्याच्या आतला बदल बाहेरच्या धरणानं झालेला असतो, हे हद्दीपुरत्या नकाशात येत नाही.

लोक कुठला बदल वाईट मानतात, हे एका झुडपाच्या नावातच आहे : रानमोडी. परदेशातून आलेलं हे झुडूप पडीक वावरात, रस्त्याच्या कडेला, वणवा लागून गेलेल्या उतारावर झपाट्यानं पसरतं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. नावाचा अर्थ फोडून सांगायची गरज नाही, लोकांनी निवाडा नावातच दिला आहे. प्रतिमेत मात्र ते हिरवंच. टणटणीचं तेच. गुराख्याला विचारा, तो सांगेल की पूर्वी या माळावर गुरं मोकळी सोडून खडकावर बसता यायचं, आता गाय दिसतच नाही, घंटेच्या आवाजावर शोधावी लागते. हा त्याच्यासाठी 'दाट वन' होण्याचा अर्थ आहे.

कारवीची गोष्ट याहून गुंतागुंतीची. कारवीच्या काठ्यांचे कूड बांधून, शेणामातीनं लिंपून घराच्या भिंती व्हायच्या. दरवर्षी वाडीवाडीतून भारेच्या भारे उतरायचे. तोड थांबली, विटा-सिमेंट आलं, कारवी माजली. काही जण म्हणतात बरं झालं, माती धरून राहते, सात वर्षांनी फुलते तेव्हा मध मिळतो. काही म्हणतात वाटा बुजल्या. पातेरा उचलणं थांबल्यानं तो साचतो आणि वणवा लागला की पूर्वीपेक्षा जास्त पेटतो, असंही मी अनेक वाड्यांत ऐकलं आहे. खाली गवत-पातेरा किती हे सांगणारा माणूस जाळरेषेवर, म्हणजे वणवा अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्यावर, राबणारा हंगामी मजूरही असतो. तो गावचाच आणि खात्याचाही. त्याला जरूर गाठा.

मोठ्या अहवालांतही हा गोंधळ आहे. पश्चिम घाटाबद्दल माधव गाडगीळ समितीचा अहवाल २०११ साली आला आणि कस्तुरीरंगन गटाचा २०१३ साली. कस्तुरीरंगन गटानं उपग्रहाच्या आधारे घाटाचे दोन भाग पाडले, सुमारे ६० टक्के सांस्कृतिक म्हणजे माणसांच्या वस्ती-शेतीचा भूभाग आणि सुमारे ४० टक्के नैसर्गिक. आजींचं खळं ज्या उतारावर होतं तो वरून पाहिला तर नैसर्गिकच दिसणार. याचा मला राग येतो, आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही. चौदा नावं असलेल्या जागेला निर्मनुष्य निसर्ग म्हटलं की पुढच्या सगळ्या चर्चेत आजी अतिक्रमण करणाऱ्या ठरतात. गाडगीळ समितीनं निर्णय ग्रामसभांपर्यंत न्यावेत असं म्हटलं होतं. गावांपर्यंत पोचली ती फक्त "आणखी एक फॉरेस्ट येतंय" ही धास्ती.

उलटंही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही लोकांचं म्हणणं म्हणजे निव्वळ तक्रार असं लिहाल. सांबर दिसतं, भेकराचं भुंकणं अंगणातून ऐकू येतं, देवराई शाबूत आहे, बाहेरचे लाकूडवाले येत नाहीत, हे लोक अभिमानानं सांगतात. हिरड्याचं तर विचारूच नका. बाळहिरड्यावर, म्हणजे हिरड्याच्या कोवळ्या, वाळवलेल्या फळांवर, या पट्ट्यातल्या घरांचा वर्षाचा रोख खर्च चालतो. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात हिरड्याची झाडं मोडली तेव्हा माणसांनी घराच्या पत्र्याइतकीच त्या झाडांची नुकसानभरपाई मागितली. ज्याला झाडाची किंमत नाही तो असं करत नाही.

माळीण तर तुम्हाला टाळता येणार नाही. ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर गावावर आला, दीडशेच्या वर माणसं गेली. माळीण अभयारण्याच्या हद्दीबाहेर, पण त्याच डोंगररांगेत आहे. त्यानंतर या भागात डोंगराकडे पाहायची नजरच बदलली. पूर्वी लोक विचारायचे, वर पाणी आहे का, चारा आहे का. आता जोराचा पाऊस लागला की विचारतात, वर भेग आहे का, झऱ्याचं पाणी गढूळ झालं का. पडकईवर, म्हणजे उतारावर माणसांनी मिळून भातखाचरं काढायच्या जुन्या रिवाजावर आणि त्याच्या सरकारी योजनेवर तेव्हा बराच आळ आला. यंत्रानं केलेलं सपाटीकरण आणि पिढ्यांपिढ्या हातानं रचलेली ताल यांत फरक आहे, असं लोक कळवळून सांगत होते. तेव्हा ते फार थोड्यांनी ऐकलं. तुमच्या मुलाखतीत "हिरवा डोंगर सुरक्षित वाटतो का" असा प्रश्न घालू नका, पण कुणी स्वतःहून बोललं तर थांबवू नका, आणि त्या दिवशी बाकीचे प्रश्न विचारू नका.

तुलनेसाठी दोन-तीन जागा. साताऱ्याचं कास पठार २०१२ साली जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटातल्या ३९ स्थळांपैकी एक. फुलं जपायची म्हणून तिथं कुंपण घातलं, गुरं थांबली. पुढं गवत वाढून फुलं कमी होतात अशी तक्रार आजूबाजूच्या गावांतून आली, अभ्यासकांपैकीही काहींनी तेच म्हटलं, आणि शेवटी कुंपण काढावं लागलं. उत्तराखंडात फुलांच्या दरीत १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, चराई बंद झाली, आणि नंतर एका उंच वाढणाऱ्या वनस्पतीनं दरीचा बराच भाग व्यापल्याचा वाद झाला. चांदोली राष्ट्रीय उद्यानात उठवलेल्या गावांची जुनी वावरं हीच आज गव्यांची कुरणं आहेत, आणि ती झाडीखाली जाऊ नयेत म्हणून आता खात्यालाच कष्ट घ्यावे लागतात. तिन्ही ठिकाणी माणसाचा वावर हाच दृश्याचा भाग होता, तो काढल्यावर कळलं. अर्थात चराई कितीही चालते असा याचा अर्थ काढू नका. जास्त गुरांनी उघडे पडलेले माळही मी पाहिले आहेत.

आता कामाचं.

'प्रत्यक्ष बदल' आणि 'लोकांची धारणा' अशी दोन प्रकरणं करू नका. असं केलंत की पहिलं आपोआप खरं ठरतं आणि दुसरं भावना. त्याऐवजी दहा-बारा जागा निवडा आणि प्रत्येक जागेची हकीकत एकत्र लिहा : प्रतिमेत काय, पायाखाली काय, कोण काय म्हणालं.

वरकस कधी सुटलं हे आठवणीवर सोडू नका. तलाठ्याकडे गाव नमुना १२ मागा, सातबाऱ्यातला पिकांचा भाग. ज्या वर्षापासून एखाद्या गटात नाचणी-वरईऐवजी 'पड' असं लागत जातं, ते तुमचं साल. नोंदी नेहमीच जागेवर जाऊन केलेल्या नसतात, पण चार शेजारच्या गटांत एकाच सुमारास 'पड' आलं तर ते धरून चाला. त्याच्याशेजारी सर्वेक्षण खात्याचा जुना स्थलदर्शक नकाशा आणि गाव नकाशा ठेवा. आजींच्या चौदा जागांपैकी सहा गटांचा मेळ आम्हाला असा लागला.

घरात बसून मुलाखत घेऊ नका, चाला. बायकांबरोबर वेगळं चाला, कारण सरपणाची, पाण्याची आणि भाजीची वाट पुरुषांना माहीत नसते. पुरुष "पाण्याला काही अडचण नाही" म्हणतात, ती वाट त्यांची नसते. भीमाशंकर देवस्थानाजवळचे दुकानदार आणि दोन डोंगर पलीकडची वाडी यांना एक 'स्थानिक' समजू नका. महादेव कोळ्यांची वाडी, ठाकरांची वस्ती, कोकणाच्या अंगाला कातकरी पाडा, यांचं डोंगराशी नातं वेगळं आहे आणि हक्कही सारखे मिळालेले नाहीत.

आणि तुम्ही कोण आहात हे पहिल्या वाक्यात सांगा. सुरुवातीच्या काळात मी एकदा एका सरकारी कार्यालयाची जीप घेऊन एका वाडीत गेलो होतो. सगळ्यांनी सांगितलं, आमच्याकडे राब कुणी भाजत नाही. त्या वेळी हवेत राबाचा वास होता. चूक त्यांची नव्हती. वनहक्काचे दावे चालू असताना, किंवा एखाद्यावर गुन्हा नोंदलेला असताना, कुणी अनोळखी माणसाला आपलं वावर कुठपर्यंत होतं ते का सांगावं? म्हणून ज्या नोंदीनं कुणाला त्रास होईल ती जागा प्रबंधाच्या नकाशावर नेमकी दाखवू नका. गावानं सांगितलेल्या नावांचा नकाशा मात्र मराठीत, मोठ्या अक्षरात छापून गावाला द्या. आम्ही तो शाळेच्या भिंतीवर लावतो.

दोनदा जा. एकदा माघात, भात-नाचणी घरात आलेली असते, वाटा कोरड्या असतात आणि चढायला माणसं तयार असतात. पुन्हा बाळहिरड्याच्या हंगामात. दिवसभर माणसं झाडावर असतात, त्यांना अडवू नका. उन्हं कलली की अंगणात हिरडा पसरलेला असतो, आजी तो हातानं खालवर करत बसलेल्या असतात. त्यांच्याबरोबर हात घाला. कुठलं झाड कुणाचं, कुठलं यंदा लागलं नाही, कुठल्या झाडापर्यंत आता जाताच येत नाही, हे तेव्हा न विचारता कळेल. आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत मात्र जाऊ नका, कुणाला बोलायलाही सवड नसते.